एयूसीचा सेल पुन्हा पुन्हा लीक होऊन राहिलाय, मेनिस्कस खाली सरकतो, काय चुकतंय?

अंबाझरीकाठची

नमस्कार मंडळी, इथे पहिलीच पोस्ट आहे, लांब झाली तर सांभाळून घ्या. नागपुरात पीएचडी करतेय, प्रोटीनवर काम आहे. ज्या फॅसिलिटीत मशीन वापरते तिचं नाव घेत नाही, गाईडही इथे वाचत असतील. मशीन म्हणजे अॅनालिटिकल अल्ट्रासेंट्रीफ्यूज (एयूसी), सॅम्पल प्रचंड वेगाने फिरवून ते तळाला कसं बसतं ते प्रकाशाने बघणारं. आठ भोकांचा एएन-५० टीआय रोटर (फिरणारा भाग), त्याच्या भोकांत सेल बसतात. सेल म्हणजे हाउसिंग नावाची डबी, तिच्यात १२ मिलिमीटर जाडीचा, दोन कप्प्यांचा म्हणजे दोन सेक्टरवाला इपॉन प्लास्टिकचा सेंटरपीस, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना क्वार्ट्झच्या विंडो. सेडिमेंटेशन व्हेलॉसिटी (प्रोटीन किती वेगाने तळाकडे जातं ते मोजणं) करायचीये, ४२,००० आरपीएम, २० डिग्री.

आता रडगाणं. तीन आठवड्यांत तीन रन वाया गेले. सॅम्पल सेक्टरमध्ये प्रोटीन ४०० मायक्रोलिटर, रेफरन्समध्ये नुसता बफर (प्रोटीन ज्या खारट द्रावणात असतं ते) ४१० भरते. ३,००० वर स्कॅन घेतला की सेल नंबर १ चा मेनिस्कस (द्रवाची वरची कड) रोटरच्या मध्यापासून बरोब्बर ६.०५ सेंटीमीटरवर, मन खूश. मग स्पीड वाढवला की तासाभरात तोच मेनिस्कस सरकत सरकत ६.४ वर, आणि व्हॅक्यूमचा आकडा जो छान खाली जाऊन बसला होता तो पुन्हा चढायला लागतो. सेल नंबर २ चं वेगळंच नाटक, तो ३,००० वर असतानाच हळूहळू सरकतो, पण थोडाच. मशीन काहीच एरर देत नाही, आरामात फिरत राहतं, म्हणून पहिल्या वेळी तर मला सकाळी येऊन डेटा उघडेपर्यंत पत्ताच नव्हता.

सेलची स्क्रू रिंग आवळताना टॉर्क (पिळाचा जोर) १३० ला करते. आमचे एक सिनियर म्हणतात १४० कर, दुसरे म्हणतात त्याच्याही वर जा, काही होत नाही. प्रोटीन एकूण तीन मिलिग्रॅम उरलंय आणि ते काढायला मला चार महिने लागलेत. त्यात एसी बंद पडलाय, बाहेर ४५ डिग्री, लॅबमध्ये कूलर लावून बसलोय सगळे. आठवड्याला एकच स्लॉट मिळतो, पुढचा गुरुवारी. कोणी अनुभवी असेल तर सांगा प्लीज.

बर्डीवाला_पोट्टा

ताई काहून टेन्शन घेऊन राहिली बे, १५० ला टाईट कर न, नळ गळत असला तर आपण काय करतो, पान्हा घेतो आन् कसून फिरवतो. विषय संपला.

रिटायर्ड_रोटर

बर्डीवाल्या, नळाचा वॉशर फाटला असेल तर तू कितीही कस, गळणारच, आणि जास्त कसशील तर नळाचा आटा जाईल. सेलचंही तेच आहे. बाई, आधी एक काम कर, १५० चा विषय डोक्यातून काढून टाक. त्या सेलला साधारण १२० ते १४० इंच-पाउंड टॉर्क सांगितलेला असतो, त्याच्या वर गेलीस तर विंडोला तडा जाईल नाहीतर इपॉन चेपेल, आणि मग तो सेंटरपीस कायमचा गळका.

मी बावीस वर्षं अशी मशिनं चालवली, आता घरी बसून नातवाला सांभाळतो. माझं ऐकशील तर गुरुवारी प्रोटीन भरूच नको. आधी गळती कुठून आहे ते शोध, ती टेबलावरच सापडते, मशीनमध्ये टाकायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. आणि तुझ्या दोन सेलमध्ये दोन वेगळी दुखणी आहेत हे तूच लिहिलंयस, फक्त तुझ्या लक्षात आलं नाही.

बघ, सेलमध्ये गळायच्या जागा तीनच. एक, वरची भरायची भोकं, म्हणजे पितळी प्लग आणि त्याखालची ती टिकलीएवढी प्लास्टिकची चकती. दुसरी, सेंटरपीसची सपाट बाजू आणि विंडो जिथे भेटतात ती. तिसरी, दोन सेक्टरमधली भिंत, तिथून माल एकीकडून दुसरीकडे जातो.

प्लगची भोकं रोटरच्या मध्याकडे तोंड करून असतात ना, तिथे आत हवा असते, पाणी नाही, सगळं पाणी फेकलं जातं बाहेरच्या टोकाला. त्यामुळे प्लग गळत असेल तर पाणी थेंब थेंब बाहेर येतच नाही. आतली हवा चेंबरच्या व्हॅक्यूममध्ये निसटते, मग पाण्याची वाफ व्हायला लागते आणि तीही त्याच फटीतून जाते. याला स्पीडशी घेणंदेणं नाही, व्हॅक्यूम सुरू झाला की सुरू. म्हणजे तुझा सेल नंबर २. आणि एक गंमत, त्यात पाणी जातं पण प्रोटीन आतच राहतं, म्हणून मेनिस्कस सरकूनही एकूण सिग्नल फारसा घटत नाही, बघ तुझ्या डेटात.

सेल १ ची गोष्ट उलटी. ३,००० वर १२ मिलिमीटरच्या पाण्याच्या स्तंभाचा तळाला दाब किती होतो माहितीये? पाऊण वातावरणाच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. तोच ४२,००० वर दीडशे वातावरणं. स्पीड चौदा पट केला की दाब चौदाचा वर्ग, १९६ पट. तुझं ते ४०० मायक्रोलिटर जणू दीड किलोमीटर खोल पाण्याच्या बुडाशी बसलेलं असतं. त्यामुळे ३,००० च्या स्कॅनवर मेनिस्कस जागेवर दिसला म्हणजे सेल पास, असं अजिबात धरायचं नाही. तिथे फक्त मूर्ख चुका पकडल्या जातात, प्लग लावायचाच राहिला वगैरे. वर स्पीड गेल्यावरच गळतो म्हणजे तळाकडच्या बाजूला विंडो आणि सेंटरपीसच्या मध्ये काहीतरी आहे. धूळ, सुकलेलं मीठ, बोटाचा चिकटपणा, नाहीतर ओरखडा.

आता टेबलावर काय करायचं ते सांगतो. सेल पाण्याने नाही, तुझ्या बफरनेच भर, प्रोटीन न घालता. चार दशांश स्थळांच्या काट्यावर वजन कर, लिहून ठेव. मग डेसिकेटरमध्ये (हवाबंद भांड्यात) ठेवून व्हॅक्यूम पंप लाव, तासभर सोडून दे, काढून परत वजन कर. काही मिलिग्रॅमचा फरक पडला तर प्लग किंवा गॅस्केट. याने दीडशे वातावरणाची परीक्षा होत नाही हे मान्य, पण निम्मे आजार इथेच पकडले जातात. जो सेल यात पास होईल त्याला बफर घालून मशीनमध्ये फुल स्पीडला दोन तास फिरव, काढून परत वजन. प्रोटीन त्यानंतर.

आणि एक सांग, तू कूलरसमोर बसून सेल जोडतेस का?

वाळूची_घडी

काकांनी मुद्द्याचं सगळं सांगितलंय, मी डेटावाली आहे म्हणून माझी भर डेटापुरती. मीही मूळची नागपूरचीच, धरमपेठेतली.

तुझे आकडे घेऊन जरा हिशोब केला. सेक्टरचा कोन २.५ डिग्री, जाडी १.२ सेंटीमीटर, तळ ७.२ ला धरला तर ४०० मायक्रोलिटरचा मेनिस्कस येतो ६.०५ लाच, म्हणजे तू भरतेस ते बरोबर भरतेस. तो ६.४ ला गेला म्हणजे आत उरले २८५ च्या आसपास. साधारण ११५ मायक्रोलिटर बाहेर, म्हणजे ०.११५ ग्रॅम. समोरासमोरच्या सेलांमध्ये अर्ध्या ग्रॅमपर्यंतचा फरक चालतो, म्हणून मशीन गप्प बसलं. अगं, एक अख्खा सेक्टर रिकामा झाला तरी ०.४ ग्रॅमच जातात! इम्बॅलन्सच्या भरवशावर राहून लीक कधी कळणार नाही.

काकांनी तिसरी जागा सांगितली ना, मधली भिंत, ती सगळ्यात लबाड. वजन तेवढंच, व्हॅक्यूम मस्त, मशीन खूश. पण तू रेफरन्स मुद्दाम १० मायक्रोलिटर जास्त भरतेस, त्यामुळे स्कॅनमध्ये दोन मेनिस्कस वेगवेगळे दिसायला हवेत, एक ६.०५ ला आणि एक ६.०१ च्या जवळ. ते दोन एकमेकांकडे सरकत एकाच जागी येऊन बसले तर समज मधून पाझरलंय, आणि रेफरन्समध्ये तुझं प्रोटीन शिरलंय. मला एकदा यात आठ दिवस गेले होते. मी मॉडेलच बदलत बसले, प्रोटीन एकत्र येतंय की काय म्हणून.

अजून एक, स्पीड चढताना मेनिस्कस थोडासा बाहेर सरकतो तो लीक नाही, रोटर ताणला जातो. एखाद-दोन दशांश मिलिमीटरचा मामला, आणि एकदा सरकला की तिथेच थांबतो. लीक थांबत नाही, स्कॅनमागून स्कॅन सरकत राहतो. तुझं साडेतीन मिलिमीटर आहे म्हणजे शंकाच नाही.

अंबाझरीकाठची

काका, कूलरचं तुम्हाला कसं कळलं?? हो, कूलरसमोरच. टेबल तिथेच आहे. आणि वाळ्याच्या ताट्या लावल्यात त्याला, वास मस्त येतो पण.

प्लगच्या चकत्या... खरं सांगू का, त्याच त्याच वापरतोय. पाकीट कुठेय कोणालाच माहीत नव्हतं.

रिटायर्ड_रोटर

माझ्या काळातही कूलरच होते बाई. वाळ्याची काडी, धूळ आणि दमट वारा, तिन्ही एकदम तोंडावर. सेल जोडताना पंखा कूलर सगळं बंद, घाम आला तरी चालेल, पण घाम सेलवर पडायला नको. ग्लव्ह्ज घाल, पावडरवाले नकोत.

चकत्या प्रत्येक वेळी नव्या. प्लग आवळला की ती चेपते आणि तिला खड्डा पडतो, पुन्हा लावली तर तो खड्डा तुझ्या भोकावर बरोबर बसेलच असं नाही. आणि चकती ठेवायच्या आधी भोकाभोवतीचा ओलावा लिंट-फ्री पेपरच्या टोकाने टिपून घे, ओल्यावर ठेवलेली चकती सरकते. प्लग बोटाने बसेपर्यंत, मग स्क्रूड्रायव्हरने हलकंच. तिथेही पोरं दात ओठ खाऊन पिळतात.

सेंटरपीसला चुकूनही असिटोन लावू नको. साधं माइल्ड साबण, कापसाचा बोळा, भरपूर डिस्टिल्ड पाणी, मग हवेत वाळू दे. विंडोला इथेनॉल चालतं. रन झाला की सेल त्याच दिवशी उघडून धुवायचा, उद्यावर टाकला की बफरचं मीठ कडेला वाळून बसतं आणि तोच कण पुढच्या वेळी फट करून देतो. हाउसिंग अॅल्युमिनियमचं आहे, मिठाच्या पाण्यात राहिलं की खातं. गळलेला सेल असेल तर रोटरचं भोकही धू, लोक सेल धुतात आणि भोक विसरतात.

टॉर्कचंही ऐक. स्क्रू रिंगच्या आट्यांना वंगण लावतेस का? कोरड्या आट्यांवर रेंच जो आकडा दाखवतो त्यातला बराचसा घर्षणातच जातो, विंडोवर दाब कमीच पडतो. आट्यांना आणि रिंगच्या खालच्या गॅस्केटला पातळ थर, बोटाने पुसून घेतल्यासारखा. विंडोकडे एक ठिपकासुद्धा जाऊ देऊ नको. आणि एका दमात १३० ला नेऊ नको, ६०, मग ९०, मग १२०, प्रत्येक टप्प्यावर जरा थांब, प्लास्टिकला बसायला वेळ लागतो. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा १२० ला लावून बघ, थोडी फिरतेच.

हिंगणा_एमआयडीसी

मी बायोलॉजीवाला नाही, टूल रूममध्ये आहे, भावाने लिंक पाठवली म्हणून वाचून राहिलो. ताई एक प्रश्न, तुमच्या रेंचवर १३० कशाचे? म्हणजे युनिट काय लिहिलंय? आपल्याकडे बाजारात जे टॉर्क रेंच मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांवर किलो-सेंटीमीटरचं मार्किंग असतं. १३० इंच-पाउंड म्हणजे जवळपास १५० किलो-सेंटीमीटर. आणि तुम्ही किलो-सेंटीमीटरवर १३० लावत असाल तर ते होतात ११३ इंच-पाउंड. आमच्याकडे नवीन पोट्टे ही चूक दर महिन्याला करतात. न्यूटन-मीटरवाला असेल तर १२० इंच-पाउंड म्हणजे १३.६.

आणि रेंच कॅलिब्रेट कधी केलाय? क्लिकवाला रेंच वापरून झाल्यावर स्प्रिंग सैल करून ठेवायचा असतो, कमीत कमी सेटिंगवर. १३० वरच कपाटात टाकून दिला तर काही महिन्यांनी त्याचा क्लिक त्याच्या मर्जीवर.

बर्डीवाला_पोट्टा

म्हणजे मी म्हणत होतो तेच न, अजून टाईट करा! १५० च लावा म्हटलं होतं मी!! 😂

हिंगणा_एमआयडीसी

भाऊ तुमचे १५० बरोबर निघाले पण युनिट चुकलं.

अंबाझरीकाठची

मंडळी अपडेट. आधी पायाला हात लावते हिंगणावाल्या दादांच्या. रेंच बघितला, बारीक अक्षरात किलो-सेंटीमीटरच लिहिलंय. दोन वर्षांपासून सगळी लॅब त्यावर १३० लावून राहिली आहे आणि सिनियरने मला छातीठोकपणे इंच-पाउंड सांगितलं होतं. आता रेंचवर पांढऱ्या मार्करने लिहून ठेवलंय.

मग काकांनी सांगितलं तसं सगळं केलं. कूलर बंद, दुपारी दोनला, अंगाची काहिली. चकत्यांचं पाकीट शेवटी जुन्या फ्रीजच्या वरच्या डब्यात सापडलं. दोन्ही सेल बफरने भरून डेसिकेटरमध्ये तासभर. सेल २, आधी मुद्दाम जुनीच चकती लावून बघितली, ९ मिलिग्रॅम गेले. नवी चकती लावली, अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे सेल २ चा विषय संपला, एका टिकलीमुळे माझे तीन आठवडे.

सेल १ डेसिकेटरमध्ये पास झाला, दोन्ही वेळा. उघडून भिंगाखाली बघितला तर खालच्या विंडोवर खरंच एक बारीक पिवळसर तंतू, दोनेक मिलिमीटरचा, वाळ्याचाच. मी तर नाचायची बाकी होते. धुतला, जोडला, वंगण, ६०-९०-१२०, सगळं पुस्तकात असतं तसं, मध्ये एक छोटा स्लॉट मिळाला तेव्हा फक्त बफर घालून ४२,००० ला दोन तास.

पुन्हा गळला. वजनात ४० मिलिग्रॅम कमी. आधीपेक्षा कमी गळतो पण गळतो. आता मला रडू येऊन राहिलंय खरंच.

वाळूची_घडी

रडू नको, तू आता फारच जवळ आहेस. अदलाबदल कर. सेल १ चा सेंटरपीस सेल २ च्या हाउसिंगमध्ये घाल, त्याच्या विंडोंसकट नको, फक्त सेंटरपीस. आणि २ चा १ मध्ये. दोन्ही बफरने भरून फिरव. गळती सेंटरपीसबरोबर गेली तर सेंटरपीस, हाउसिंगबरोबर राहिली तर हाउसिंग किंवा विंडो. म्हणजे आंधळी कोशिंबीर संपेल.

त्याच्या आधी मात्र तो सेंटरपीस ट्यूबलाइटखाली तिरपा धरून बघ, सरळ नको. सपाट बाजूवर प्रकाश घसरला पाहिजे असा कोन. तळाकडचा भाग, सेक्टरच्या रुंद टोकाच्या बाहेरची पट्टी, तीच महत्त्वाची, सगळा दाब तिथे असतो. मेनिस्कसच्या वर ओरखडा असला तर एक वेळ चालून जातो, तळाशी केसाएवढाही चालत नाही. नखाचं टोक हलकंच फिरव, अडकतंय का बघ.

आणि सेंटरपीस हाउसिंगमधून काढताना तुमच्याकडे काय वापरतात?

अंबाझरीकाठची

चिमटा 🙈 स्टीलचा

रिटायर्ड_रोटर

अरे देवा.

प्लास्टिकच्या दांड्याने मागून ढकलून काढायचा, हाउसिंग उलटं करून, खाली मऊ कापड. स्टीलची कुठलीही वस्तू, चिमटा, सुई, पेपरक्लिप, त्या खोलीतच ठेवायची नाही. मी आमच्याकडे ड्रॉवरला कुलूप लावलं होतं. भरतानाही स्टीलची सुई नको, लांब बारीक प्लास्टिकचा टिप वापरायचा, तो आत कडेला लागला तरी खरवडत नाही.

अंबाझरीकाठची

सापडलं!!! तिरपा धरला तेव्हा दिसलं. सरळ बघितलं तर काळाभोर गुळगुळीत, जरा कलवला की सॅम्पल सेक्टरच्या तळाच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कडेपर्यंत एक चकाकती रेघ, साडीला दाभणाने ओरखडा पडावा तशी. नख अगदी किंचित अडकतं. तिथे चिमट्याचं टोक टेकवून मीच उचकटला असेल नाहीतर माझ्या आधीच्याने. भिंगाखाली त्या रेघेत वाळलेलं पांढरं मीठही दिसलं, म्हणजे पाणी नेमकं तिथूनच जात होतं.

अदलाबदलही केली. गळती सेंटरपीसबरोबर दुसऱ्या हाउसिंगमध्ये गेली. पहिलं हाउसिंग एकदम कोरडं.

बर्डीवाला_पोट्टा

झिरो नंबरचा पॉलिश पेपर घे न ताई, काचेवर ठेवून घासून काढ, रेघ गायब. गाडीच्या हेडला आपण तसंच करतो.

रिटायर्ड_रोटर

नाही रे बाबा. बारा मिलिमीटर जाडी ही तिथे प्रकाशाचा रस्ता आहे, शोषणाचा सगळा हिशोब त्यावर. हाताने घासलास तर जाडी बदलेल ती बदलेल, पण दोन्ही बाजू एकमेकींना समांतर राहणार नाहीत, आणि मग ती एका बाजूने चांगली बसेल, दुसऱ्या बाजूने फट. शिवाय घासलेल्याची पावडर सेक्टरमध्ये. असे दोन सेंटरपीस मी बघितलेत, दोन्ही कचऱ्यात गेले.

बाई, तो सेंटरपीस बाजूला ठेव, त्यावर लाल मार्करने खूण कर, आणि शिकाऊ पोरांना जोडणी शिकवायला वापर. चांगला सेंटरपीस एखादा उधार मिळतो का बघ. आणि माझा अजून एक आग्रह, ४२,००० ही त्या इपॉनच्या दोन सेक्टरवाल्याची वरची मर्यादाच आहे, अगदी टोकावर कशाला चालवतेस? ४०,००० कर. दाब दीडशेवरून १३७ ला येतो, प्रोटीन थोडं सावकाश बसेल एवढंच. तुझं प्रोटीन केवढं आहे?

अंबाझरीकाठची

१५० किलोडाल्टनच्या जवळ. म्हणजे ४०,००० ला आरामात होईल.

वाळूची_घडी

हो हो, तेवढ्या मोठ्याला ४०,००० पुष्कळ झालं.

आणि आता जून येतोय तर एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर जुलैमध्ये याच धाग्यावर परत येशील. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत एवढा ओलावा असतो की चेंबर आधीच्या माणसाने ४ डिग्रीला ठेवून सोडला असेल आणि तू झाकण उघडलंस, तर भिंतींवर, रोटरवर दव धरतं. मग झाकण लावून व्हॅक्यूम टाकलास तर आकडा खाली यायलाच तयार नाही, कारण पंप बिचारा ते दव ओढत बसतो. लोकांना वाटतं सेल लीक. चार वेळा सेल खोलून जोडतात, आणि खोलण्यातच ओरखडे पाडतात. चेंबर आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे, मऊ कापडाने कोरडा कर, मग रोटर ठेव. सेल फ्रीजमधून काढून थेट लावू नको, त्याच्यावरही दव धरतं आणि वजनही चुकतं, दहा-वीस मिलिग्रॅम सहज जास्त दाखवेल.

हिंगणा_एमआयडीसी

वजनाचं सांगितलं ते बरोबर आहे, आमच्याकडे गेज ब्लॉकलाही तेच, एसीतून बाहेर आणला की पाणी धरतो. ताई रेंच कॅलिब्रेट करायचा असेल तर मेसेज करा, ओळखीच्या ठिकाणी करून देतो, एका दिवसाचं काम आहे.

अंबाझरीकाठची

शेवटचं अपडेट, गुरुवारचं. दुसऱ्या लॅबमधल्या एका मैत्रिणीकडून सेंटरपीस उधार आणला, डबीत कापूस घालून, स्कूटीवर मांडीवर धरून, अमरावती रोडच्या खड्ड्यांतून. आधी बफरने डेसिकेटर, मग बफरने ४०,००० ला दोन तास, दोन्ही सेल कोरडे, वजनात फरक एक मिलिग्रॅमच्या आत. मग कुठे प्रोटीन घातलं. रेफरन्सचा मेनिस्कस ६.०१, सॅम्पलचा ६.०५, आणि सात तासांनी शेवटच्या स्कॅनलाही तिथेच, रोटर ताणल्याचा तो एवढासा सोडून. व्हॅक्यूम रात्रभर खाली. मी दर अर्ध्या तासाने स्कॅन बघत बसले होते, घरी गेलेच नाही, पहाटे साडेपाचला बाहेर पडले आणि तर्री पोहे खाल्ले, दोन प्लेट.

तीन मिलिग्रॅमपैकी दीड उरलंय. गाईडना सांगितलं, ते फक्त "बरं" म्हणाले.

बर्डीवाला_पोट्टा

ताई त्या रेघवाल्या सेंटरपीसचं काय केलं? पेपरवेट कर.

अंबाझरीकाठची

लाल मार्कर लावून डबीत ठेवलाय. आणि चिमटा मी घरी घेऊन आले, आई त्याने पापड भाजून राहिली आहे.

रिटायर्ड_रोटर

चकत्यांचं पाकीट परत फ्रीजवर ठेवू नको. सेलच्या पेटीतच ठेव आणि वर तारीख टाक.